पासिंगवाल्या साहेबाच्या शोधात : आरमोरी ते सिंदेवाही

लग्न झालं की नवरा-बायको हवा पालटायला कुठेतरी जातात, असं मी वर्ध्याला मैत्रिणींकडून ऐकलं होतं. एक चिखलदऱ्याला जाऊन आली होती, दुसरी पचमढीला. आम्ही मोटारीच्या पासिंगला गेलो. सोबत सासरे होते, ड्रायव्हर होता आणि टपावर तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, पेंढ्या होत्या. मोटारीला तणस कशाला, असं मी विचारलं तर सासरे म्हणाले, "रस्त्यानं कामी येते."

माझी नात म्हणते, "आजी, ब्लॉगवर लोक माहिती शोधायला येतात. रस्ता कसा, जेवण कुठे, खर्च किती, ते आधी लिही." तर लिहिते. रस्ता वाईट. जेवण चांगलं. खर्च ह्यांनी मला तेव्हाही सांगितला नव्हता. गोष्ट सन छप्पन्नच्या दिवाळीनंतरची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. नुकताच आमचा मुलुख नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेला होता. त्यामुळे कुठल्याही सरकारी नियमाबद्दल विचारलं की समोरचा माणूस आधी विचारायचा, "जुना का नवा?" आणि मग दोन्ही माहीत नसल्याचं सांगायचा.

आमची मोटार म्हणजे लढाईतली जुनी लॉरी. ह्यांनी ती नागपूरला लिलावात घेतली आणि आरमोरीच्या सुताराकडून तिच्यावर सागवानी टप बांधून घेतला. त्या सुताराने जन्मभर घरं बांधली होती. त्याने खिडक्यांना दारं लावली, दारांना कड्या लावल्या, आणि चढायच्या जागी चक्क उंबरठा केला. आरमोरी ते गडचिरोली अशी ती गाडी रोज प्रवासी घेऊन जायची-यायची. ह्यांचा तिच्यावर फार जीव. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा अर्धा वेळ गिअरबॉक्सबद्दलच बोलत होते, आणि मी मान डोलावली म्हणून मी पसंत पडले.

पण दरवर्षी सरकारी मोटार इन्स्पेक्टरकडून गाडी तपासून घ्यावी लागे. लोक त्याला पासिंग म्हणत. आमच्या पासिंगची मुदत संपत आली होती. पास झाली नाही तर गाडी दारात उभी राहणार, आणि दारात उभ्या गाडीची परवानगी दुसऱ्या कुणाला मिळायला वेळ लागत नाही. ह्यांच्या काकांनी आल्लापल्लीच्या लाकूड डेपोत एक नोकरी पाहून ठेवली होती. यंदा गाडी नापास झाली तर मुकाट्याने तिकडे जायचं, असं ह्यांनी घरात कबूल केलं होतं. म्हणजे आम्ही दोघं आल्लापल्लीच्या जंगलात आणि सासरे आरमोरीत एकटे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मला तिकडे जायचं नव्हतं, हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात. मामाजी बैलगाडीवाले. मोटारीशी त्यांचं कधी जमलं नाही. "पेट्रोल पिते आन् शेण देत नाई," एवढंच त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी साऱ्या आरमोरीला ऐकवलं होतं. पुढ्यात बसून "माह्या मतानं बैलच बरे" असं म्हणत ते ह्यांच्याकडे बघायचे, आणि हे जेवणावरून उठायचे. तरी पासिंगला जायचं ठरल्यावर ते सगळ्यांत आधी तयार झाले.

"तुमी काऊन येता?" ह्यांनी विचारलं.

"जनावर दाखवायले घरचा जाणता माणूस लागते."

"बाबा, ते जनावर नाई."

"म्हणूनच लागते," मामाजी म्हणाले.

त्यांनी मोटारीला पोळ्याच्या बैलासारखं सजवलं. पुढच्या दोन्ही दिव्यांभोवती गेरूचे गोल काढले, दारांवर ठसे उमटवले, कपाळावर म्हणजे काचेच्या वर कुंकू लावलं आणि झेंडूची माळ अशी बांधली की नंबर पूर्ण झाकला. आमचे ड्रायव्हर गफूरभाई डोक्याला हात लावून बसले. मामाजींनी बैलांची जोडी शेजाऱ्याच्या हवाली केली, दोघांच्या कानांत काहीतरी सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मोटारीत चढले. उंबरठ्याला मात्र त्यांनी वाकून हात लावला.

पहिला टप्पा आरमोरी ते वडसा. रस्ता मुरुमाचा, दोन्हीकडे कापणीला आलेलं धान. मधूनमधून कापलेल्या धानाचा वास यायचा आणि लगेच आमच्या धुराचा. मामाजी बसले शेवटच्या बाकावर, दोन्ही हातांनी खिडकीची कडी धरून. गाडीची एक खोड सांगायला हवी. ब्रेक दाबला की मागचं डावं चाक किंचाळायचं. गावात शिरताना गफूरभाई ब्रेक दाबायचे, चाक बोंबलायचं, ओसरीवरची माणसं उठून बघायची, आणि मामाजी मान खाली घालायचे.

"वासू, चाक रडून राह्यलं," ते म्हणाले.

"ते ब्रेकचं आहे बाबा. काही होत नाई."

"लोक मालकाचं नाव घेते. म्हणते, याच्या घरी तेल नाई का."

वडशाच्या पुढे वैनगंगा. मोटारीसाठी तिथे तेव्हा पूल नव्हता. दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर गाडी चढवायची आणि ढिवर नावाड्यांनी बांबूने पलीकडे ढकलत न्यायची. भाडं माणसाला ठरलेलं, बैलगाडीला ठरलेलं, मोटारीला मालकाचं तोंड पाहून. ह्यांचं तोंड त्या दिवशी फार उतरलेलं असल्यामुळे थोडं स्वस्तात पडलं असावं. गफूरभाई फळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"ये मोटार का वजन झेलेगा क्या रे भाऊ?" त्यांनी नावाड्याला विचारलं.

"मागं एक हत्ती नेला जी. जंगलखात्याचा."

"हत्ती तो तैरता है."

"तेच तं," नावाडी म्हणाला. "म्हणून तवा मले भेव नोयता."

आम्ही सगळे खाली उतरून गाडीच्या कडेला उभे राहिलो. पाणी संथ होतं. मधोमध गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "भीती वाटते का?" मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "मला वाटून राह्यली." लग्नानंतर सहा महिन्यांत त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. वाचकांपैकी कुणी पचमढीला जाऊन आलं असेल तर त्यांनी आपापला हिशेब करावा.

ब्रह्मपुरीला इन्स्पेक्टर साहेबांचा मुक्काम शाळेच्या मैदानावर असतो, असं आम्हाला पक्कं कळलं होतं. मैदानावर साहेब नव्हते, नाटकाचा मांडव होता. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भागात, भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. त्या काळात नाटकापुढे सरकारचं काही चालत नसे. खांब पुरणारा एक माणूस घाम पुसत म्हणाला, "आले होते न साहेब. त्याईले म्हटलं, इथी राजवाडा उभा होऊन राह्यला, तुमी मोटारी कुठी फिरवता? समजदार माणूस. गेले."

"कुठी गेले?"

यावर तिथल्या सगळ्यांचं एकमत होतं की साहेब गेले. दिशेबद्दल मात्र मतभेद होते. एक म्हणाला चिमूर. दुसरा म्हणाला चांदा. राजाचं सिंहासन रंगवणारा पोक्त माणूस खात्रीने म्हणाला की साहेब आरमोरीलाच गेले, आम्हाला वाटेत भेटले कसे नाहीत याचं त्याला नवल वाटलं. ह्यांचा चेहरा पाहून त्याने आम्हाला नाटकाला थांबायचा आग्रह केला आणि मामाजी थांबायला तयारही झाले होते.

शेवटी चिमूरच्या दिशेने निघालो. नागभीडला पाणी घालायला गाडी थांबवली तेव्हा स्टेशनवरच्या एका खलाशाने गेरूचे गोल बघून विचारलं, कुठे लग्नाला निघालात का. पासिंगला म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब तं छोट्या गाडीनं सिंदेवाईले गेले. सकाळीच." छोटी गाडी म्हणजे आमच्याकडची अरुंद रुळांची आगगाडी, जी चढावर इतकी सावकाश चाले की लोक खाली उतरून बोरं तोडून परत बसत.

"मोटारी तपासणारा माणूस आगीनगाडीनं काऊन फिरते?" मामाजींनी विचारलं.

गफूरभाई पाणी ओतत राहिले.

"त्याले मोटारी माहीत आहे म्हणून," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं आणि पुढच्या गावापर्यंत खुशीत होते.

नागभीड ते सिंदेवाही हा रस्ता जंगलातून जातो. साग, ऐन, मोह, मध्येच बांबूची बेटं. वाघाबद्दल विचारतात म्हणून सांगते, दिसला नाही. आमच्या चाकाचा आवाज त्याच्यापर्यंत आधी पोचला असणार. संध्याकाळी सिंदेवाहीला एका धानगिरणीच्या पडवीत उतरलो. गिरणीवाल्यांच्या घरच्या बाईंनी तांदळाची भाकर, वांग्याची भाजी आणि लाखोळीची डाळ वाढली. मी वर्ध्याची, ज्वारीवर वाढलेली. तांदळाची भाकर मला तोवर कधी नीट थापता आली नव्हती. त्या बाईंनी चुलीशी बसवून दाखवलं, आणि ती विद्या मी अजून वापरते. या रस्त्याने कुणी जाणार असेल तर जेवायला घरगुती सोय शोधा, हॉटेलच्या भरवशावर राहू नका.

साहेबांचा मुक्काम खरंच गावाबाहेर तलावाजवळच्या मोठ्या चिंचेखाली होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा एक लाकडाची लॉरी आणि गिरणीचा एक ट्रक आधीच उभे होते आणि त्यांच्याभोवती नियमांचा बाजार भरला होता. एक म्हणत होता, साहेब टायर बघत नाहीत, फक्त रंग बघतात. दुसरा म्हणाला, नव्या राज्यात दोन भोंगे लागतात. लॉरीवाल्याचं म्हणणं होतं की मुंबईच्या कायद्याप्रमाणे ड्रायव्हरच्या अंगात कोट पाहिजे, आणि त्याने कुणाचा तरी लग्नातला कोट घालूनही ठेवला होता. गफूरभाईंनी खाली वाकून आपल्या सदऱ्याकडे पाहिलं.

साहेब म्हणजे बारीक अंगाचे, टोपवाले, नागपूरकडचे गृहस्थ. त्यांनी आमच्या गाडीला एक चक्कर मारली आणि गेरूच्या गोलांपाशी थांबले.

"हे काय?"

"शोभा," मामाजी म्हणाले.

"नंबर कुठे आहे?"

मामाजींनी झेंडूची माळ पडद्यासारखी बाजूला सारली. साहेबांनी ती काढायला लावली. मग एकेक करून सगळं बघितलं, आणि नियम तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळले. दिवे लागतात का, मागचा तांबडा लागतो का. भोंगा एकच पुरे, पण वाजला पाहिजे. स्टिअरिंग हलवल्यावर चाक लगेच वळतं का, की आधी विचार करतं. टायरमधून सूत दिसतं का. माणसांना घाईने उतरता यावं म्हणून मागे दार आहे का. ते आमच्याकडे होतं, कडी-कोयंड्यासकट. साहेबांनी कडी उघडून बघितली, लावली, पुन्हा उघडली. औषधांची पेटी लागते हे मी आधीच ऐकलं होतं, म्हणून मी एका डब्यात कापूस, स्वच्छ चिंधी, हळद आणि ओवा ठेवला होता.

"ओवा कशाला?" साहेबांनी विचारलं.

"कुणाचं पोट दुखलं तर."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "नियमात नाही," ते म्हणाले. "पण नको असंही नाही." डबा पास झाला. मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्याकडे बघून हसले, आणि भर माणसांत तेही हसले.

उरला ब्रेक. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली घाटाकडे एक उतार जात होता. साहेबांनी तिथे चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. गाडी उतारावरून आणायची आणि साहेबांनी हात वर केला की रेघेच्या आत थांबवायची. गफूरभाई बसले, शेजारी साहेब बसले. गाडी निघाली. साहेबांनी हात वर केला. चाक किंचाळलं नाही. एवढं शांत ते आजवर कधी वागलं नव्हतं. गाडी रेघेवरून गेली, घाटाच्या दगडांवरून गेली, आणि पार शिंगाड्याच्या वेलींत शिरून पाण्यात उभी राहिली. साहेबांचा एक हात अजून वरच होता.

तलावात शिंगाडे तोडणारा ढिवर त्याच्या लहान डोंग्यातून हे बघत होता. तो गाडीच्या खिडकीपाशी आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, उतरता का?" साहेब डोंग्यात बसून किनाऱ्याला आले. बूट हातात होते. मी मेले असते तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं, त्यामुळे पदर तोंडात धरून उभी राहिले.

गाडी बाहेर काढायला मामाजी पुढे झाले. गावातून बैलांच्या जोड्या आल्या. मामाजींनी चाकांखाली आमचंच तणस घातलं, दोर कुठे बांधायचा ते सांगितलं आणि अनोळखी बैलांशी असे बोलले की ते घरचे असल्यासारखे जोर लावू लागले. गाडी चिखलासकट वर आली. गफूरभाईंनी मागचं डावं चाक काढलं, आतून तेल ओघळलं. त्यांनी बोटाला लावून हुंगलं आणि ते बोट माझ्याकडे केलं. लहानपणी ज्याला ज्याला नाक दाबून एरंडेल पाजलं गेलं आहे, तो तो वास जन्मभर विसरत नाही.

आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालतात. मामाजी ते बांबूच्या नळकांड्यात घेऊन सोबत आले होते. सकाळी आम्ही सगळे आंघोळीला गेलो तेव्हा त्यांनी चाकामागच्या भोकातून ते आत ओतलं होतं, एका चाकात नाही, चारही चाकांत, कारण एकाला द्यायचं आणि तिघांना उपाशी ठेवायचं हे त्यांना पटलं नव्हतं. ब्रेक पकडतो तो घासून, तेल घातलं की घासतच नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बैलाला ब्रेक नसतो.

हे तिथेच उभे होते, चिखलाने भरलेले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तो तेव्हा चढला. "तुमाले गाडी नापासच व्हायले पाहिजे होती. पहिल्या दिवसापासून. झालं तुमच्या मनासारखं."

मामाजी म्हणाले, "चाक रडत होतं बाबू. परक्या माणसापुढं रडतं चाक घेऊन कसं जाचं," आणि जाऊन पाळीवर बसले, आमच्याकडे पाठ करून. मला त्यांचा राग आला नाही. ह्यांचा आला, आणि ह्यांची कीवही आली, दोन्ही एकदम.

साहेब उन्हात पाय वाळवत होते. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले तेव्हा ते म्हणाले, "नापास केलं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू, एरंडेल?" मग म्हणाले, "उद्या सकाळच्या छोट्या गाडीने मी मूल गावाला निघतो. त्याआधी दाखवायचं असेल तर दाखवा. भरलेली गाडी आणा, रिकाम्या गाडीच्या ब्रेकवर माझा आता विश्वास नाही. आणि मी बाहेर उभा राहीन."

उरलेला दिवस गफूरभाई आणि हे चाकांशी झटत होते. ब्रेकच्या पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, उरलेलं तणस जाळून त्यावर शेकल्या, विटेने घासल्या, पुन्हा धुतल्या. ज्यांना आज गाडी तपासणीला न्यायची आहे त्यांच्यासाठी उपयुक्त माहिती एवढीच: ब्रेकमध्ये एरंडेल गेलं तर पूर्ण दिवस जातो. मी मामाजींना भाकर नेऊन दिली. त्यांनी ती पाठ न वळवता खाल्ली. ढिवराने उकडलेले शिंगाडे दिले होते ते मात्र तसेच राहिले.

सकाळी गाडी उताराच्या वर उभी होती आणि आत बसायला माणूस नव्हता. बघायला सगळं गाव होतं. गफूरभाईंनी आमचे बाक किती आरामशीर आहेत ते सांगून पाहिलं. कोणी हललं नाही. काल ज्यांनी ज्यांनी गाडी पाण्यात जाताना पाहिली होती त्यांना आज बाहेरूनच पाहायचं होतं. साहेबांनी घड्याळ काढलं. हे स्वतः स्टिअरिंगवर बसले होते, पुढे बघत, आणि मला त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

मामाजी पाळीवरून उठले. गर्दीतून आले, उंबरठ्याला हात लावला आणि आत चढले. शेवटच्या बाकावर नाही, थेट ह्यांच्या मागच्या बाकावर बसले, कडी न धरता. त्यांच्या मागोमाग मी चढले. मग बाहेर कुणीतरी म्हणालं, "म्हातारा बसला न बाप्पा," आणि माणसं चढू लागली. शिंगाडेवाला ढिवरही चढला. पाण्यात गेलोच तर तो कामाचा माणूस होता.

हे मागे वळले. काहीतरी म्हणणार होते.

"पुढं पाह्य," मामाजी म्हणाले.

गाडी सुटली. उतार कालच्यापेक्षा लांब वाटला. साहेबांचा हात वर गेला, चारही चाकं एकदम अशी किंचाळली की तलावातले बगळे उडाले, आणि सगळे जण पुढच्या बाकांवर जाऊन आदळलो. गाडी चुन्याच्या रेघेच्या अलीकडे उभी होती. मामाजींचं कपाळ ह्यांच्या पाठीवर आपटलं होतं. त्यांनी ते लगेच बाजूला घेतलं नाही. साहेबांनी दुरूनच मान डोलावली आणि टोप काढून घाम पुसला.

परतीचा रस्ता तोच, नावाडी तोच, हत्तीची गोष्ट तीच. आरमोरीला पोचलो तेव्हा निम्मं गाव चौकात होतं. गाडी पास झाल्याची बातमी आमच्या आधी आली होती, आणि पाण्यात गेल्याचीही. मागच्या आसाला शिंगाड्याची वेल अजून लटकत होती. कुणीतरी विचारलं, "काय वासुदेवभाऊ, गाडी तलावात कशी गेली जी?"

मामाजी माझ्या शेजारीच उतरले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण हे आधी बोलले. "माही चूक झाली. ब्रेक म्या पाह्यलेच नव्हते. घाईत राहून गेलं."

गाव खूश झालं. त्या दिवसापासून आरमोरीत ह्यांचं नाव शिंगाडेभाऊ पडलं. पुढे आमचा रस्ता सरकारी बसने घेतला, हे दुसऱ्या धंद्याला लागले, केस पिकले, नातवंडं झाली, तरी बाजारात कुणी ना कुणी विचारायचंच, "शिंगाडेभाऊ, आज ब्रेक पाह्यले का?" हे हसून हात जोडायचे. आल्लापल्ली आम्ही कधी पाहिली नाही.

मामाजींना ते सहन व्हायचं नाही. पारावर कुणी तो विषय काढला की ते काठी आपटून सांगायचे, "अरे, तेल म्या घातलं होतं. माह्या हातानं." लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे. बापाचं काळीज आहे, पोराले झाकून राह्यला, असं म्हणायचे, आणि मामाजींचा मान गावात आणखी वाढायचा. ते चिडून घरी यायचे आणि माझ्यासमोर बसायचे. "सूनबाई, खरं सांगतो तं कोणी मानत नाई. तू सांग न. तू होतीस न तिथी." मी ह्यांच्याकडे बघायची. हे वर न बघता नाही म्हणून मान हलवायचे. मग मी मामाजींना चहा द्यायची.

मामाजी गेले, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी हेही गेले. आता मला मान हलवून अडवणारं कोणी नाही. म्हणून आरमोरीचं कुणी हे वाचत असेल तर सांगते, मी तिथे होते. तेल मामाजींनीच घातलं होतं, चारही चाकांत.